चौकात पास झालेली गोष्ट

आमच्या लेखन मंडळात ज्याने लिहिलं त्याने वाचायचं नाही, असा नियम होता. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची निघेल त्याने वाचायचं, आणि लिहिणाऱ्याने सगळ्यांचे हात वर होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडलं की लेखन बाद. हा नियम सरांचा. सर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मूळचे साताऱ्याकडचे. ते म्हणत, "अंक छापून आल्यावर तुम्ही घरोघर जाऊन समजावून सांगणार आहात का, तुम्हाला काय म्हणायचं होतं ते?" आमच्यातल्या एअर फोर्सवाल्या वहिनींची एक चांगली कथा याच पायी गेली होती. मधेच त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "अहो, तसं नाही ते." सरांनी शांतपणे कागद मिटून त्यांच्या हातात दिले होते.

मी तेव्हा चंदीगढला एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, पुढे तालुक्याला, मग बी.एस्सी. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिलीच. ऐंशीच्या दशकातले, दहशतवादाचे दिवस; पंजाबात रोज काही ना काही घडत होतं, आणि वडिलांच्या दर पत्रात 'परत ये' असं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं असायचं. पण मला तिथे ते मंडळ मिळालं होतं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी सरांच्या विद्यापीठातल्या क्वार्टरमध्ये आम्ही पाचजण जमायचो. माझ्यासारखीला त्या माणसांनी खुर्ची दिली, चहा दिला, मी लिहिलेलं गंभीरपणे ऐकलं. याचं ऋण मी आजही मानते.

मंडळाचा वार्षिक अंक निघायचा. लहानसाच, पुण्याला छापलेला. त्यात मंडळात पूर्ण ऐकलेलं आणि सगळ्यांचे हात मिळालेलंच जायचं. दोन वर्षं माझं काही गेलं नव्हतं. दोन्ही वेळा सरांचा हात खाली राहिला होता.

तो रविवार फेब्रुवारीतला. नेहमीप्रमाणे आधी बातम्या झाल्या, कारण बातमी सांगितल्याशिवाय चहा मिळत नसे. मोहालीला मुलाकडे राहणाऱ्या नागपूरच्या काकूंची कविता एका साप्ताहिकात आली होती, पण खाली भलत्याच बाईचं नाव.

"मग तिला अभिनंदनाचं पत्र टाका," सर म्हणाले.

"टाकलं," काकू म्हणाल्या. "तिचं उत्तरही आलं. म्हणते, आवडली ना?"

सरांचा लेख तिसऱ्यांदा साभार परत आला होता. ते अशा सुरात सांगत होते, जणू बढतीच मिळाली. वहिनींची बातमी मोठी होती. त्यांच्या साहेबांची बदली जोधपूरला झाली होती. उद्याच दोघं रजेवर पुण्याला निघणार होती आणि अंकाचं सगळं साहित्य छापखान्यात देऊन तिकडूनच नव्या गावी जाणार होती. म्हणजे अंकासाठी हा शेवटचा दिवस, आणि वाचायची राहिलेली एकच गोष्ट होती. माझी.

चिठ्ठी साहेबांची निघाली. साहेब स्क्वाड्रन लीडर, मूळचे कोल्हापूरचे. खरं तर ते वहिनींना सोडायला येत आणि व्हरांड्यात पेपर वाचत बसत. चिठ्ठ्या पुरेशा हव्यात म्हणून आम्ही त्यांचं नाव टाकायचो. त्यांनी खाकरून हवामानाचा अहवाल वाचावा तशी माझी गोष्ट सुरू केली. आधी मला धरणीने पोटात घ्यावंसं वाटलं. मग लक्षात आलं की त्या सपाट आवाजात गोष्ट अधिकच चांगली ऐकू येतेय.

गोष्ट एका म्हशीची होती. मुलीच्या कॉलेजसाठी बाप म्हैस विकतो, दोन गावं पलीकडे. म्हैस रोज संध्याकाळी दावं तोडून परत दारात येते, आणि मुलीलाच ती रोज नव्या मालकाकडे पोचवावी लागते. म्हैस तिसऱ्यांदा परत येते तिथवर वाचन आलं आणि सरांच्या शेजाऱ्यांनी निरोप आणला. काकूंच्या मुलाचा त्यांच्याकडे फोन आला होता. कुठेतरी काही झालं होतं, संध्याकाळपासून मोहालीच्या हद्दीवर कडक तपासणी होणार होती. अंधार पडायच्या आत आईला घरी पोचवा.

सगळे उठले. मी कागदांकडे बघत राहिले. बोलायची तर बंदी.

"राहिलं किती?" सरांनी विचारलं.

"चार पानं," साहेब म्हणाले. "गाडीत वाचतो."

"मग चालवणार कोण?"

वहिनी पदर खोचत म्हणाल्या, "मला परवाना मिळून आठवडा झाला. विसरलात?"

"विसरायचा प्रयत्न करतोय," साहेब म्हणाले.

सर चपला घालून आमच्या मागे निघाले, तेव्हा ताई, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तुम्ही कुठे?"

"शेवट ऐकल्याशिवाय मी हात कसा वर करणार?" सर म्हणाले. "येताना सोडतील मला."

अशी ती फियाट निघाली. पुढे वहिनी स्टिअरिंगला चिकटून, शेजारी साहेब कागद घेऊन, मागे काकू, सर आणि मी. रस्ते मोकळे होते. चंदीगढचे रस्ते तेव्हाही रुंद, दर चौकात मोठं गोल बेट, त्यात फुलांचे वाफे, आणि त्या दिवसांत वाफ्यांच्या शेजारी वाळूच्या गोण्या रचलेल्या. साहेब वाचत होते: "माय म्हणाली, 'तिले आता मारू नको...' क्लच. अगं क्लच... 'ते जनावर हाय, तिले काय समजते.'"

"क्लच गोष्टीत नाही ना?" काकूंनी विचारलं.

हद्दीजवळचा चौक आला तेव्हा दोन पानं बाकी होती. चौक ओलांडला की तपासणी, आणि लगेच काकूंचं घर. तिथे थांबायला वेळ नव्हता, कारण आम्हालाही उजेड असताना परतायचं होतं. आणि चौकाजवळ गाडी उभी करायला मनाई.

"उभी करायला मनाई आहे," सर म्हणाले, "चालवायला नाही. वहिनी, गोल फिरवा."

वहिनींना गोल फिरवणं फार छान जमलं. चौकातून बाहेर पडणं हीच त्यांची अडचण होती. एक फेरी झाली. दुसरी झाली. मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यावर काहीही दिसत नव्हतं. "अजून एक," सर म्हणाले. चौथ्या फेरीला गोण्यांमागून शिट्टी वाजली आणि दोन जवान रस्त्यात आले.

आता लिहिताना हसू येतं. पण त्या वर्षांत एक मोटार पोलीस चौकीभोवती चार चकरा मारते, आणि आत एक माणूस कागदावरून काहीतरी वाचून दाखवतोय, याचा अर्थ कुणीही काय लावला असता? आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. साहेबांच्यासुद्धा नाही.

आम्हाला खाली उतरवलं. डिकी उघडली, त्यात स्टेपनी आणि काकूंच्या मेथीच्या दोन जुड्या. जवानांच्या मागून एक वयस्क शीख हवालदार आले. त्यांनी साहेबांच्या हातातले गोष्टीचे कागद घेतले, ओळखपत्र उलटसुलट पाहिलं, सलाम केला, पण कागद परत दिले नाहीत.

"सर जी, ये क्या लिखा है?"

"कहानी है."

"किसने लिखी?"

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. हवालदार माझ्यासमोर आले. "बीबी जी, आपने लिखी है?"

मी गप्प. मान हलवणं बोलण्यात धरतात का, हे मंडळात कधी ठरलं नव्हतं, म्हणून मी मानही ताठ ठेवली.

"ये बोलती नहीं?"

"अभी नहीं बोलेगी," काकू म्हणाल्या. "कायदा है हमारा."

"कौन सा कायदा, माता जी?" हवालदारांचा आवाज बदलला. जवान एक पाऊल पुढे आला. "ठीक है, थाने में बोलेगी."

माझ्या ओठांवर शब्द आले होते. एक 'हां जी' म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. दोन वर्षं, वडिलांची पत्रं, गावी न जाता प्रयोगशाळेनंतर बसून पुन्हा पुन्हा लिहिलेली ती पानं, सगळं एका बाजूला आणि माझ्यामुळे रस्त्यात उभी असलेली ही चार माणसं एका बाजूला. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात सरांनी माझ्यापुढे हात आडवा धरला.

"मैं बताता हूँ. यूनिवर्सिटी में पढ़ाता हूँ," ते म्हणाले.

आणि सरांनी, ज्यांना भाजीवाल्याशी हिंदीत नीट घासाघीस करता यायची नाही त्यांनी, माझी गोष्ट सांगायला घेतली. "एक भैंस है. उसको बेच दिया है. लड़की को कॉलेज जाना है इसलिए."

"अच्छा?" हवालदार म्हणाले. "नसल कौन सी? मुर्रा?"

सर अडकले. मला माहीत होतं: जात आमच्याकडची नागपुरी, तलवारीसारखी लांब मागे गेलेली शिंगं. मी जीभ दातांखाली धरली.

"काली थी," सर म्हणाले.

जवान हसला. हवालदार हसले नाहीत. "फिर?"

सर सांगत गेले. म्हैस पहिल्यांदा परत येते तेव्हा मुलीला आनंद होतो, दुसऱ्यांदा राग येतो, तिसऱ्यांदा ती तिच्याशी भांडते. मी कुठे काय लिहिलं होतं ते त्यांना एकेक आठवत होतं. माझ्या लक्षात नव्हतं इतकं. "और लड़की को लगता है," सर म्हणाले, "कि भैंस को मालूम है, वो किसके लिए बिकी है." हे मी लिहिलंच नव्हतं. पण होतं ते तिथेच.

"आगे?"

"आगे आपने पढ़ने नहीं दिया."

हवालदारांनी कागद साहेबांना दिले. "पढ़ो जी."

वाळूच्या गोण्यांशेजारी उभं राहून साहेबांनी शेवट वाचला आणि सरांनी तो वाक्यावाक्याला हिंदीत सांगितला. मुलगी कॉलेजला निघून जाते. संध्याकाळी म्हैस येते, आणि तिला परत पोचवायला घरात कुणी नसतं. मग आई नव्या मालकाला निरोप धाडते: म्हैस तुझीच, पण तिला इथेच बांधू दे, सकाळी येऊन दूध तू ने. तो येतो. मग रोजच येतो.

हवालदारांनी नकारार्थी मान हलवली. "ये नहीं होगा," ते म्हणाले. "खरीदनेवाला नहीं मानेगा. दो गाँव चलकर कौन दूध लेने आएगा?"

"मानेगा," सर म्हणाले.

"मैं जाट किसान का बेटा हूँ, प्रोफेसर साब. भैंस मैं जानता हूँ."

"भैंस आप जानते होंगे. ये कहानी मैं जानता हूँ." सरांचा आवाज चढला होता. "तीन बार वो अपने दरवाज़े से उसको जाते देखा है. आदमी है, पत्थर नहीं है. मानेगा क्यों नहीं?"

हवालदारांनी दाढीवरून हात फिरवला. "बीवी ने समझाया होगा," ते शेवटी म्हणाले. "तब मान जाएगा. ले जाओ जी गाड़ी."

पण सर हलले नाहीत. आमच्याकडे वळून म्हणाले, "पूर्ण ऐकली ना सगळ्यांनी?" आणि त्यांनी उजवा हात वर केला. काकूंनी केला, वहिनींनी केला, साहेबांनी कागदांसकट केला. बंदूकधारी जवानासमोर चार सज्जन माणसं हात वर करून उभी. तेवढ्यात मागून स्कूटरवर एक गृहस्थ आले. त्यांनी हे दृश्य पाहिलं, मुकाट्याने स्कूटर स्टँडवर लावली आणि दोन्ही हात वर करून आमच्या रांगेत येऊन उभे राहिले.

"आप क्यों?" हवालदारांनी विचारलं.

"आप बताओ जी," ते म्हणाले.

मी बोलू शकत होते आता. मला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि पहिलं वाक्य निघालं ते हवालदारांसाठी: "नागपुरी नसल थी, जी. छह लीटर देती थी."

"बस छह?" ते म्हणाले. पण समाधान झालेलं दिसलं.

काकूंना घरी सोडलं. परतताना मी एवढी बोलले की साहेब म्हणाले, हिची दुसरी गोष्ट वाचायला घ्या, म्हणजे ही गप्प बसेल. सरांच्या फाटकाशी ताई वाट बघत उभ्या होत्या, काळजीने आणि रागाने. सर काही सांगायच्या आत त्या मला म्हणाल्या, "पोहे परतताना आतून सगळं ऐकत होते मी. तिसऱ्यांदा आली, पुढे काय झालं तिचं?"

वहिनींनी इंजिन बंद केलं. मी फाटकाच्या कट्ट्यावर बसले, ताईंना शेजारी बसवलं, आणि माझी गोष्ट पहिल्यांदाच माझ्या तोंडाने सांगायला लागले.