'क' बेटावरची बाई

ज्या दिवशी जोंगपिलने सख्ख्या बहिणीच्या तोंडावर दार लावलं, त्या दिवशी मी अंगणात कोबी धूत बसले होते. त्यांच्या आईवडिलांच्या श्राद्धाचा दिवस होता. दोकसिमकाकू दरवर्षीसारखी भाजलेला मासा आणि मुगाची धिरडी परातीत घालून, परात डोक्यावर घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. आत माणसं होती, धूपाचा वास येत होता. दार उघडलं नाही.

"आईबाबांना मी वाढीन," जोंगपिल आतून म्हणाला. "तू जा, तुझ्या प्रोफेसरला वाढ."

काकू परात घेऊन माघारी फिरली. तिचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जात होता. "याचं नाक पुसून पुसून माझ्या बाह्या कुजल्या. आई गेली तेव्हा हा रांगत होता. याला पाठीवर बांधून मी मिठाची पोती उचलली. आणि आज हा मला दार दाखवतो." माझ्या अंगणाशी येऊन ती थांबली. "तू काय बघतेस? घे, पोरांना घाल हे." परात माझ्यापुढे आदळून ती निघून गेली. ती धिरडी आमच्या घरात कुणाच्या घशाखाली उतरली नाहीत.

काकू शेजारी राहते. धक्क्यावर उतरलं की पहिलंच घर तिचं. नवरा लिव्हरच्या दुखण्याने लवकर गेला. तेव्हापासून चार खोल्या भाड्याने द्यायच्या आणि कानारी मुरवायची, यावर तिने दिवस काढले. कानारी म्हणजे करंगळीएवढी चंदेरी मासळी. वाळूत घुसून झोपते. मिठात घालून ती मुरवली की जे काळसर पाणी निघतं, त्यावर आमच्या सोलिमदो बेटाची चूल पेटते. इंचॉन शहरातल्या बायका कोबी मुरवताना हे पाणी नाव घेऊन आमच्याकडचंच मागायच्या.

मग समुद्रात वाळू उपसणाऱ्या बार्जा आल्या. रात्रंदिवस पंप घरघरायचे. शहर कुठलंही असो, इमारतींना वाळू लागतेच. ती आमच्या खालून जायला लागली. दोनचार वर्षांत कानारी निम्म्यावर आली. किनारा खचला, पाइनची झाडं मुळं उघडी टाकून आडवी झाली.

तेव्हा ग्यूहान आला. विद्यापीठातला मुलगा, बेटाचं पर्यावरण आणि बेटावरचा समाज यावर त्याला पीएचडी करायची होती, म्हणून गाव त्याला प्रोफेसर म्हणायचं. काकूच्याच खोलीत राहिला, तिच्याच हातचं जेवला. त्याचा स्वभाव वाईट होता असं मी म्हणणार नाही. मीठ उचलू लागायचा, म्हाताऱ्यांचे पाय दाबून द्यायचा. आणि ऐकायचा. आमच्याकडे कोण कुणाचं ऐकतं? सगळे बोलतात. त्यामुळे मान हलवत गप्प ऐकणारा माणूस मिळाला की माणसं पाझरतात. तो काकूला मावशी म्हणायचा.

एकदा मासे निवडताना काकू भावावर चिडलेली होती. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन जोंगपिल. बार्जांच्या परवानगीवर शिक्का त्याचा. काकू बोलून गेली, "माझ्याच भावाने समुद्र विकला. त्याच्या बोटीला नवं इंजिन कुठून आलं, विचार की त्याला." घरातलं बोलणं होतं. घरच्या माणसाशी बोलावं तशी ती बोलली.

दोन वर्षांनी त्याचं पुस्तक आलं. बेटाचं नाव नव्हतं, फक्त 'क' बेट. माणसांची नावं नव्हती. पण 'धक्क्याजवळ खोल्या भाड्याने देणारी विधवा' आणि 'तिचा धाकटा भाऊ, सोसायटीचा चेअरमन' असं लिहिलेलं होतं. आमच्या बेटावर धक्क्याजवळ खोल्या देणाऱ्या विधवा किती? इंजिनाची गोष्ट शब्द न् शब्द छापलेली. इंचॉनच्या एका पेपराने ती उचलली, आणि कुणाच्या तरी मुलाने ती पानं घरी पाठवली.

मग जे सुरू झालं ते पाहून मला आजही संताप येतो. ज्यांनी बार्जवाल्यांनी गावाला दिलेली डुकराची मेजवानी चाटूनपुसून खाल्ली, तेच जोंगपिलला वाळूचोर म्हणू लागले. त्याच्या शेजारी कुणी जाळं वाळत घालेना. त्याच्या बायकोला दुकानात बघून बायका गप्प व्हायच्या. आणि काकूला मात्र सगळे म्हणायचे, "बरं झालं बाई, तू खरं बोललीस." काकूला ते शिवीसारखं लागायचं.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तिने ग्यूहानला फोन लावला. आवाज एवढा की मला भिंतीपलीकडे तिचं सगळं ऐकू आलं.

"मावशी, मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही," तो म्हणत असावा, कारण काकू म्हणाली, "नाव नाही लिहिलंस, पत्ता लिहिलास. आता ये इकडे. सगळ्या गावासमोर बसून तुझं पुस्तक वाच. पहिल्या पानापासून. नाही आलास तर मी तुझ्या विद्यापीठाच्या दारात पथारी टाकीन."

तो आला, एवढं मात्र त्याच्या पदरात घालायला हवं. गावाच्या सभागृहात खालून तापवलेल्या जमिनीवर आम्ही सगळे मांडी घालून बसलो. जोंगपिलही आला, दाराशी, चपलांजवळ बसला. ग्यूहान वाचू लागला. घाम पुसत होता.

सुरुवातीला लोक मजेत होते. इंजिनाचं पान आलं तेव्हा दोघातिघांनी मागे वळून जोंगपिलकडे पाहिलं. मग पुढचं पान आलं. "गावातल्या एका पदाधिकाऱ्याच्या मते, मासे काय आज आहेत, उद्या नाहीत, रस्ता झाला तर तो कायमचा." गावप्रमुख बेक यांचे कान लाल झाले. ते वाक्य ते दर सणाला म्हणायचे. "एका वृद्ध महिलेने सांगितलं की बार्जवाल्यांनी दिलेला टीव्ही तिने ठेवून घेतला, कारण शेजारणीने दोन घेतले होते." वृद्ध महिला म्हणजे माझ्या सासूबाई. दोन टीव्हीवाली शेजारीण त्यांना टेकूनच बसली होती.

"मी कधी दोन घेतले गं?"

"मग तुझ्या मुलीच्या घरी काय आभाळातून पडला?"

हसू बंद झालं. पान उलटलं की माणसं अंग चोरायची. प्रत्येकाने प्रत्येकाबद्दल त्या पोराला सांगून ठेवलं होतं. बेक उठून पुस्तक हिसकायला गेले, तर काकू मध्ये उभी राहिली.

"बसा, प्रमुख. माझ्या भावाचं पान ऐकताना तुमची कंबर दुखत नव्हती."

मग मतदानाचं पान आलं. परवानगीच्या सभेत सगळ्यांनी हात वर केले, एकही विरोधात नव्हता, असं त्यात होतं. ग्यूहान थांबला. पुढचं वाचेना.

"वाच," काकू म्हणाली.

"मावशी, हे राहू दे."

"वाच म्हणते ना."

त्याने हळू आवाजात वाचलं. "खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईनेही हात वर केला. बार्जवरचे कामगार आपल्याकडे उतरतील अशी तिला आशा होती."

काकूच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. "हे तुला कुणी सांगितलं?" असं ती विचारेल असं मला वाटलं. तिने विचारलं नाही. "खरं आहे," एवढंच म्हणाली.

जोंगपिल चपला घालून बाहेर पडला. काकू अनवाणी त्याच्यामागे. मीही दारापर्यंत गेले.

"सभेत हात मी मोजले होते, ताई," तो म्हणाला. "तुझाही मोजला. मी कुणाला सांगत फिरलो नाही."

"जोंगपिल..."

"माझ्या इंजिनाबद्दल तुला बोलायचं होतं तर माझ्या तोंडावर बोलायचं. चार शिव्या घालायच्या. लहानपणी लाटणं घेऊन मागे लागायचीस, तसं लागायचं. मी ऐकून घेतलं असतं."

तो चालत गेला, आणि पुढच्या महिन्यात बोट विकून मुलीकडे इंचॉनला राहायला गेला. काकूचा फोन उचलत नाही.

सभा संपल्यावर ग्यूहानला काकूनेच जेवू घातलं, कारण बेटावर एकही खानावळ उघडी नव्हती. जेवता जेवता तो म्हणाला, "मावशी, आज जे झालं ते फार महत्त्वाचं आहे. पुढच्या आवृत्तीत घेऊ का? तुमची परवानगी असेल तरच."

काकूने त्याच्यापुढचा वाडगा उचलला, ओट्यावर ठेवला. मग दाराबाहेर ठेवलेले त्याचे चांगले चामड्याचे बूट उचलून धक्क्यावर गेली आणि एकेक करून समुद्रात टाकले. तो तिच्या न्हाणीघरातल्या रबरी सपाता घालून बोटीत चढला.

"आता मागतो परवानगी," ती मला म्हणाली. "सगळं गाव उघडं करून झाल्यावर."

त्या शरदात बार्जांची मुदत संपली आणि सोसायटीची संमती पुन्हा हवी होती. काकू घरोघर गेली. विनवायला नाही, भांडायला. माझ्या सासूबाईंना म्हणाली, "टीव्ही जुना झाला असेल, नवा हवा म्हणून हात वर कराल तर मनगट धरीन." बेक यांच्या अंगणात उभी राहून तिने त्यांच्या रस्त्याचा उद्धार केला, तो रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला होता. सभेत हात वर झाले तेव्हा ते कमी पडले. थोडेच, पण कमी पडले.

बार्जा गेल्या. गेल्या म्हणजे शेजारच्या बेटाच्या हद्दीत गेल्या. वारा इकडून असला की पंप ऐकू येतात. आमची कानारी काही परत आली नाही. खड्डे पडलेल्या तळाशी ती झोपणार कुठे?

काकूला हे पंप सहन होत नाहीत. ती शेजारच्या बेटावर जाते, त्यांच्या सोसायटीच्या दारात बसते. पहिल्यांदा गेली तेव्हा तिथला चेअरमन म्हणाला, "तुम्ही हात वर केलात तेव्हा आम्ही आलो होतो का तुम्हाला शिकवायला?"

"नाही आलात," काकू म्हणाली. "यायला हवं होतंत. तुमचाही मला रागच आहे."

काल पुन्हा गेली. संध्याकाळच्या बोटीने परतली नाही. तिथे कुणीतरी तिला खोली दिली असेल, नाहीतर कोंडून घातलं असेल. दोन्ही होऊ शकतं.