एक वाक्य खटकतंय

कडक संपादक म्हणून माझं नाव झालंय, ते खोटं आहे.

‘सुचतं कसं’ या विषयावर जुळे सोलापुरातल्या आम्ही चार निवृत्तांनी मिळून ब्लॉग काढला. चौघांना पटल्याशिवाय लेख टाकायचा नाही, असा नियम होता. त्यातले एक, माझे शेजारी, आमच्या प्रत्येक लेखाला ‘लई भारी की!’ म्हणत. स्वतःच्या लेखाला मात्र ‘मलाच पटला न्हाय’ म्हणून विरोध करत. त्यामुळे त्यांचे लेख वाचायची आम्हाला कधी गरजच पडली नाही.

एकदा त्यांनी स्वतःच्याच लेखाला होकाराचा हात वर केला. बाकीचे दोघं माझ्याकडे बघू लागले. वाचला कुणीच नव्हता. न वाचता हो म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी म्हणालो, ‘शेवटचं वाक्य खटकतंय.’

‘बरोबर धरलंत की, सर!’ ते खुलले.

पुढच्या रविवारी ते वाक्य काढून आले. मी तोवरही वाचला नव्हता. म्हणालो, ‘आता जे शेवटी आलंय, ते खटकतंय.’ असे कित्येक रविवार गेले. ते दर वेळी एक वाक्य काढून येत आणि इतरांना सांगत, ‘वाचावं तर सरांनी!’

परवा एकच वाक्य उरलं होतं. तेवढं मी वाचलं. ‘आमच्या आईला चादरीवरचा मोर उलट्या बाजूनं जास्त आवडायचा.’

‘का हो?’ मी विचारलं.

‘ते पुढं होतं की, सर. तुमीच काढायला लावलं.’ मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ‘हे तरी ठेवायचं का?’