धुळीवरच्या दोन रेघा

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या म्हाताऱ्या मोटारीचं स्टिअरिंग इतकं ढिलं होतं, की निलंग्यात फिरवावं तर गाडी औशात वळायची. दुरुस्त करावं की असंच चालवावं, या विचारात दोन वर्षं गेली. मग लेकीला लातूरच्या नव्या कचेरीत नोकरी लागली. रोज ती मोटार नेणार म्हटल्यावर मी निलंग्याच्या एका मिस्त्रीकडे गेलो.

त्यानं बॉनेट उघडलंच नाही. आधी मला, मग लेकीला मोटार चालवायला लावली. दुष्काळानं रस्त्यावर वीतभर धूळ साचलेली. हा बाबा मागून उकिडवा बसत चाकांच्या खुणा बोटानं चाचपत आला. माझी रेघ सरळ होती, लेकीची सापासारखी.

"बघा! हात जरा आधी फिरवायचा, बस. शिकवतो तिला," मी छाती फुगवून म्हणालो.

धूळ झटकत तो म्हणाला, "मालक, तुमाला हिची खोड ठाव हाय, म्हणून सरळ जायली. लेकीला मोटार द्यायलाव, का ही खोड?"

मोटार थांबली होती, तरी लेकीच्या मुठी स्टिअरिंगवर आवळलेल्याच होत्या.

मी किल्ली काढून मिस्त्रीच्या हातावर ठेवली.