तापीकाठच्या चिपा आणि माझी आत्या

१९९६ साली, डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, सुरतेतल्या एका कॉलेजात, प्रदर्शनातल्या एका पाटीवर, माझ्या आत्यावर अन्याय झाला. त्याच वेळी, त्याच पाटीवर, आणखी काही लोकांवरही झाला. ते लोक मरून हजारो वर्षं झाली आहेत, म्हणून त्यांच्या वतीने कोणी मोर्चा काढला नाही. पाटी गुजरातीत होती. अर्थ एवढाच: ‘आदिमानवाची ओबडधोबड दगडी हत्यारे. तापीचा काठ, कामरेजजवळ. शोध: इतिहास विभाग.’

हत्यारं ओबडधोबड नव्हती, आणि इतिहास विभागाने ती शोधली नव्हती. तीन ओळींच्या पाटीत दोन खोट्या गोष्टी. आमच्या लिंबायतमध्ये, सुरतेतल्या कामगारवस्तीत, एवढं खोटं बोलायला माणसाला निवडणुकीला उभं राहावं लागतं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि पत्रकं लिहायचे. तुंबलेल्या गटारांवर, नळाला न येणाऱ्या पाण्यावर, लूमच्या बारा तासांच्या पाळीवर. पत्रकात आधी कोणावर काय झालं ते सांगायचं, कारण लोक त्या कागदात भजी गुंडाळायच्या आत जेवढं वाचतील तेवढंच. ती सवय इथेही लागली. आता नीट सांगते.

आमचं घराणं खानदेशातलं, पाथरवटांचं. आजोबा जाती, पाटे, वरवंटे घडवायचे, आणि मुलगी असूनही आत्या त्यांच्याशेजारी बसून ते शिकली. पुढे सगळे सुरतेला आले. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, लूमवर लागले. आत्याचे यजमानही लागले. आत्याने मात्र हातोडी सोडली नाही. ती गल्लोगल्ली टाकी लावत फिरायची. वापरून वापरून पाटा गुळगुळीत होतो, मसाला त्याच्यावरून नुसता सरकतो. मग छिन्नीने त्याला बारीक बारीक खड्डे पाडून पुन्हा खरखरीत करावं लागतं. ती टाकी. मिक्सर घरोघरी आले तरी लिंबायतमधल्या अर्ध्या चटण्या तिच्या टाकीवर वाटल्या जात होत्या, हे मी छाती फुगवून सांगते.

तिची एक रीत होती. पाटा समोर आला की आधी तीन ठिकाणी हलकेच ठोकायची आणि कान लावायची. आवाज बद्द आला तर आत तडा आहे. त्या पाट्याला ती घाव घालत नसे, बाईने कितीही गळ घातली तरी. आणि दुसरी रीत, जिच्यामुळे पुढचं सगळं झालं: कोणी अर्धवट सोडलेला दगड तिला बघवत नसे. दुसऱ्या कारागिराने टाकी अर्धी टाकून पळ काढला असला, तर ती त्याला दोन शिव्या द्यायची आणि उरलेली पुरी करायची.

त्या वर्षी होळीनंतर दादांनी घरावर एक खोली चढवायला घेतली. कामरेजकडून नदीच्या रेतीचा ट्रक आला आणि दारात ढीग पडला. दुपारी आत्या त्या ढिगावर बसून खडे चाळत होती, मी उंबऱ्यात गटाराचं पत्रक लिहीत होते. तिने दगडाची एक चीप माझ्यापुढे धरली. अंगठ्याएवढी लांब, गारगोटीची, उन्हात धरली तर आरपार उजेड दिसावा इतकी पातळ.

“हाऊ दगड आपोआप फुटेल नही,” ती आमच्या अहिराणीत म्हणाली, म्हणजे फुटलेला नाही. “हाऊ कोनी तरी फोडेल शे.”

मी म्हटलं, ट्रकखाली फुटला असेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शुद्धलेखनाची चूक केलेल्या माणसाकडे पाहते. मग माझं बोट धरून चिपेच्या एका टोकावर ठेवलं. तिथे एक बारीक फुगवटा लागला. जिथे घाव बसतो तिथे दगडाला आतून पोट सुटतं, तिने समजावलं. ट्रकने चिरडलेल्या दगडाला ते सुटत नाही, कारण चिरडणं सगळीकडून असतं आणि घाव एका जागी. तिने आपल्या पिशवीतून नवा वरवंटा घडवताना निघालेला काळ्या दगडाचा कपचा काढून दाखवला. तोच फुगवटा. मी दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्ही दगड चाचपत राहिले. पत्रक त्या दिवशी अपुरं राहिलं.

दादा संध्याकाळी पाळीवरून आले आणि म्हणाले, लोकांच्या बहिणींना रेतीत सोनं सापडतं, माझ्या बहिणीला रेतीत खडी सापडली. आत्या म्हणाली, तुझ्या लूमला असा एक धागा सरळ काढता आला तर मला बोलाव. दादा हात धुऊन जेवायला बसले.

ट्रकवाल्याकडून रेतीची जागा विचारून पुढच्या रविवारी आम्ही दोघी कामरेजला गेलो. काठाची माती पावसाने धुपून उघडी पडली होती आणि एका जागी चिपाच चिपा होत्या. मी वेचायला वाकले तर आत्याने माझा हात धरला. ती त्या चिपांभोवती एक फेरी मारून आली. मग तिने दाखवलं. चिपा सगळीकडे सारख्या नव्हत्या. मध्ये हातभर जागा मोकळी होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना, पुढे दाट, मागे विरळ, अशा त्या पसरल्या होत्या. इथे तो चिपा काढणारा बसला होता, तिने सांगितलं. एक पाय दुमडून, एक लांब करून. ती त्या मोकळ्या जागेशेजारी तशीच बसली, आत नाही. दुसऱ्याच्या बैठकीवर बसत नाहीत, एवढंच म्हणाली.

 मला वाटलं, शाळेत आम्हाला आदिमानव म्हणून केसाळ, गदा घेतलेला, तोंड उघडं पडलेला जो कोणी दाखवला होता, त्याला इथे आणून या जागेसमोर उभा करावा आणि चित्रकाराला माफी मागायला लावावी. इथे बसलेल्या माणसाला दगड कुठे फुटेल हे घाव घालण्याआधी माहीत होतं. माझ्या आत्याला माहीत असतं तसंच. तो आमच्या जातीचा नव्हता, भाषेचा नव्हता, धर्माचाही नसेल. पण आमच्या धंद्याचा होता.

आता आत्याची चूक. ती मी लपवणार नाही, कारण समोरच्यांनी नंतर तीच पुढे केली.

आम्ही तिथून थोड्या चिपा आणल्या आणि एक गाभा आणला, म्हणजे ज्याच्या अंगावरून चिपा काढतात तो मूळ दगड. लिंबाएवढा, भोवती उभ्या पन्हळी. एका पन्हळीत घाव चुकला होता: चीप अर्ध्यावरच तुटली होती, पायरी उरली होती, आणि कारागिराने वैतागून दगड टाकून दिला होता. आत्याने दोन दिवस तो फळीवर सहन केला. तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर तो फडक्यात गुंडाळून दोन तळपायांमध्ये धरलेला, आणि तिच्या हातात बारीक छिन्नी. एकाच ठोक्यात पायरी गेली. पुढच्या दोन ठोक्यांत दोन चिपा निघाल्या. ती लग्नघरासारखी खूश होती.

त्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना मीच पत्र लिहून बोलावलं होतं. ते मे महिन्यात आले, सभ्यपणे चहा प्याले, एकेक चीप दोनदा उजेडात धरून पाहिली, हेही मी कबूल करते. मग आत्याने अभिमानाने गाभ्याची गोष्ट सांगितली आणि त्यांनी डोकं धरलं. हजारो वर्षांची वस्तू, तुम्ही तिच्यावर हातोडी चालवलीत, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आत्याला राग कळला, कारण कळलं नाही.

“त्यानी अर्धं सोडेल व्हतं,” ती मला म्हणाली. “मी पुरं कयं.”

मी तिला समजावलं की जुन्या वस्तूचं अपुरेपणही जपायचं असतं. ते तिला पटलं, आणि पटल्यावर ती दोन दिवस नीट जेवली नाही. पण त्याआधीच तिने एक काम केलं होतं: जुन्या चिपा आणि गाभा देताना आपल्या दोन चिपा वेगळ्या पुडीत बांधून, या माझ्या, त्याच्या नाहीत, असं सांगून प्राध्यापकांच्या हातात दिल्या होत्या. मग त्यांना कामरेजला नेऊन जागाही दाखवली. नाव येईल ना पाटीवर, मी विचारलं. येईल की, ते म्हणाले.

डिसेंबरात कॉलेजात प्रदर्शन भरलं. आत्या नवं लुगडं नेसून आली. काचेच्या कपाटात चिपा कापसावर मांडल्या होत्या. तिने मला पाटी वाचायला सांगितली. मी वाचली. दोनदा वाचली, कारण तिला पहिल्यांदा खोटं वाटलं. मग ती काचेजवळ वाकली आणि एकेक चीप निरखून दोन चिपांसमोर तिने बोट टेकवलं.

“माँजी, हाथ मत लगाओ,” प्राध्यापक म्हणाले.

“ये दो मेरे हैं, साहब,” आत्या म्हणाली.

ते हसले. बघायला आलेल्या विद्यार्थ्यांपैकीही दोघे हसले. आत्याने तिच्या तुटक गुजरातीत सांगितलं की जुन्या चिपांच्या अंगावर पांढुरकी साय धरली आहे, या दोन्ही ताज्या आहेत, आणि यांची एक कड जाड राहिली आहे कारण तिचा हात तिथे जरा तिरपा पडतो. प्राध्यापकांनी किल्ली काढली, भिंग काढलं. हसणारे दोघे पुढे सरकले. त्यांनी त्या दोन चिपा उचलून खिशात टाकल्या आणि कपाट बंद केलं.

मी विचारलं, आणि पाटी? ते म्हणाले, मजकूर मंजूर झालेला आहे; शिवाय पुरातन वस्तूवर हातोडी चालवणाऱ्या बाईचं नाव आम्ही कसं लावणार.

ऐकलंत? ज्या हाताचं काम त्यांना सात महिने ‘आदिमानवाच्या’ कामापासून वेगळं ओळखता आलं नाही, तो हात नालायक. आणि ज्याचं काम त्या हातालाही जमलं नाही, तो ओबडधोबड.

हो, जमलं नाही. हे आत्यानेच सांगितलं. रिक्षात बसल्यावर मी नावासाठी भांडायची भाषा करत होते, आणि ती माझं ऐकत नव्हती. तिला आपल्या नावाचं काही पडलं नव्हतं.

“त्याना हात मनापेक्षा चांगला शे,” ती त्या जुन्या कारागिराबद्दल म्हणाली. “तो शब्द पुसायले सांग. मनं नाव ऱ्हाऊ दे.”

मी तिचं अर्धंच ऐकलं. मला दोन्ही हवं आहे. तो ‘ओबडधोबड’ शब्द जायला हवा आणि तिचं नाव यायला हवं, कारण दोन्ही अन्याय एकाच सवयीतून येतात: हाताने काम करणाऱ्याला डोकं नसतं असं धरून चालायची सवय. तो हजारो वर्षांपूर्वीचा असो की लिंबायतमधला.

कॉलेजला मी तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. कपाट आता तिथल्या जिन्याखाली आहे, पाटी तशीच. कॉलेजचं नाव मी इथे छापत नाही. नाव छापलं की तुम्ही त्या एका कॉलेजला शिव्या द्याल आणि निवांत झोपाल.

तुमच्या शाळेत, तुमच्या तालुक्याच्या वस्तुसंग्रहालयात असंच एक कपाट आहे. या आठवड्यात तिथे जा. पाटी वाचा. हे मातीतून पहिल्यांदा कोणी उचललं, कोणी ओळखलं, हे लेखी विचारा, आणि त्या माणसाचं नाव पाटीवर येईपर्यंत दर महिन्याला विचारत राहा.