विट्याची भट्टी, वेल्सचा दगड

सोन्याच्या धंद्यात केर फेकत नाहीत. खरं सांगते! आमच्या लॅबमध्ये रोज संध्याकाळी झाडून निघालेली धूळ, हात पुसलेले टिश्यू, फाटके हातमोजे, सगळं एका पिंपात जातं. पिंप भरलं की भट्टीत. आणि त्यातूनही सोनं निघतंच. किस्से असेच साठतात बघा. कुणी ठरवून बोलत नाही, पण बघता बघता पिंप काठोकाठ भरतं. आज मी ते उलटं करणार आहे. डोळ्यात धूळ गेली तर मला बोलायचं नाही.

आमची लॅब दुबईत, देऱ्याला, गोल्ड सूकच्या, म्हणजे सोन्याच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत. काम काय, तर सोनं तपासायचं आणि शुद्ध करायचं. मालक आबा. मूळचे विट्याचे. विटा-खानापूरकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात भारतभर पसरली, त्यातले एक आबा थेट समुद्र ओलांडून आले. मी केमिस्ट, राहणार अल बर्शा, आणि माझी जीभ जरा तिखट आहे असं ऑफिसात बोललं जातं. (घरातही.) आणि लॅबचा प्रमुख गॅरेथ. हा वेल्सचा. आमचे बहुतेक किस्से याच्यामुळेच.

*

गॅरेथचा इंटरव्ह्यू आबांनी घेतला तेव्हा मी दुभाषी म्हणून बसले होते. डिग्र्या, अनुभव, सर्टिफिकेटं... आबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. पहिला प्रश्न, "गाव कुठलं?"

गॅरेथने नाव सांगितलं. डोल्गेथ्ली की असंच काहीतरी. शेवटी शेवटी तोंडातून वारा सोडल्यासारखा आवाज येतो. आबांनी दोनदा म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं.

"गावात काय पिकतं?"

"मेंढ्या," गॅरेथ म्हणाला, "आणि डोंगरात सोनं."

आबा ताठ बसले. मग गॅरेथने सगळी हकीकत सांगितली. तिथे आधी तांब्याच्या खाणी होत्या. पांढऱ्या गारगोटीच्या शिरा, त्यात तांब्याचं, शिशाचं, जस्ताचं खनिज. लोक तांबं काढून घ्यायचे आणि उरलेला दगड बाहेर ढिगात फेकायचे. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की फेकलेल्या ढिगातच सोनं आहे! मग काय, सगळी दुनिया लोटली. राजघराण्यातल्या लग्नाच्या अंगठ्या त्या सोन्याच्या झाल्या.

"राणीच्या बोटात आमच्या गावचं सोनं," गॅरेथ म्हणाला, "आणि माझ्या आजीच्या बोटात पितळ."

आबा मला म्हणाले, "ताई, ह्याला घ्या. सोनं बाहेर टाकून तांबं घरात नेणारी माणसं. असली माणसं चोऱ्या करत न्हाईत."

हे वाक्य मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा गॅरेथ हसला नाही. मला तेव्हा वाटलं, विनोद कळला नाही.

*

आमच्या मशीनबद्दल सांगायला हवं. दागिना खाली ठेवायचा, बटण दाबायचं, अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर आकडे. सोनं इतकं, चांदी इतकी, तांबं इतकं. दागिन्याला ओरखडाही नाही.

हे मशीन माझ्या हाताखाली आहे, ही बातमी इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात फुटली आणि माझं आयुष्य संपलं. "बघ ना गं जरा" म्हणत बायका पर्समधून काय काय काढायला लागल्या. डिस्कव्हरी गार्डन्समधली एक मैत्रीण सासूने दिलेल्या पाटल्या घेऊन आली. "बावीस कॅरेट आहेत हं, आमच्या घराण्यातल्या."

मशीन म्हणालं, चौदा.

आता हिला काय सांगू? तिने मात्र स्क्रीनकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "प्रिंट निघते का?"

"निघते."

"लॅमिनेट करून दे. दिवाळीला सासरी चालले आहे."

गॅरेथ हे सगळं मागून बघत होता. ती गेल्यावर मला म्हणाला, "वैशाली, घरातली वस्तू कधी मशीनखाली ठेवू नये. आकडा परत आत ढकलता येत नाही."

तेव्हा मी त्याला त्याच्या टेबलावरच्या दगडाबद्दल विचारलं. मुठीएवढा, काळपट, ओबडधोबड. पहिल्या दिवसापासून तिथे होता. म्हटलं, "मग हा का ठेवलाय?" त्या दिवशी चहा थंड होईपर्यंत तो बोलत होता.

दगड त्याच्या आजोबांचा. आईचे वडील. खाणकामगार. एके दिवशी खाणीच्या फाटकावर झडती झाली आणि त्यांच्या डब्यात पावाखाली हा दगड सापडला. पोलीस आले. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, सोनं काही दिसेना. आजोबा म्हणाले, पोरीला खेळायला म्हणून नेत होतो. सोडून दिलं, दगडही परत दिला. पण नोकरी गेली ती गेलीच. गाव मात्र म्हणत राहिलं, सोनं काळ्या थराखाली असणार. ती पोर म्हणजे गॅरेथची आई. शाळेत तिला सगळे 'चोराची पोर' म्हणायचे.

"मग मशीनखाली ठेव ना! अर्ध्या मिनिटाचं काम."

"सोनं निघालं तर माझा आजोबा चोर," गॅरेथ म्हणाला. "नाही निघालं तर कशाकरता एवढं भोगलं बिचाऱ्याने? दोन्हीकडून मला नको आहे."

आयुष्यभर जगाचं सोनं तपासणाऱ्या माणसाने हा एकच दगड तपासला नव्हता. मला खरंच भरून आलं. मी चक्क एकही टोमणा न मारता त्याला नवा चहा करून दिला, यावरून काय ते समजा.

*

एका रविवारी सगळे फुजैराच्या बाजूला डोंगरात सहलीला गेलो. गॅरेथच्या हातात हातोडी, गळ्यात भिंग. माझी मुलगी त्याच्या मागे मागे. आबा लेंगा वर खोचून ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरले आणि पाच मिनिटांत तिथून आरोळी आली, "गावलं! आरं मर्दांनो, गावलं!"

हातात दगड, दगडात पिवळेधमक चौकोनी दाणे. उन्हात लखलखत होते. आबांचा चेहरा त्याहून. त्यांनी लगेच विट्याला भावाला फोन लावला. जागा कुणाच्या मालकीची, परवाना कुठे मिळतो, इथपर्यंत गाडी गेली.

गॅरेथने खिशातून टाचणी काढली. "आबा, टोचा. सोनं असेल तर लोण्यासारखा खड्डा पडेल."

आबांनी टोचलं. कचकन भुगा झाला.

"पायराइट," माझी मुलगी म्हणाली. "आयर्न अँड सल्फर. आबा, इट्स फूल्स गोल्ड!"

बाप-आजापासून सोन्यात वाढलेला माणूस! कसोटीवर नुसती रेघ ओढून कॅरेट सांगणारा! आबा खाली दगडावर बसले. मग म्हणाले, "आम्ही सोनं भट्टीतलं बघितलं गं पोरी. दगडातलं कधी बघितलंय? तिथं ते कसलं दिसतं, आम्हाला काय ठावं?"

सगळ्यांना शपथ घातली, की हे लॅबमध्ये कुणाला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत त्यांनी स्वतःच सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. वर समोरच्या पठाण चहावाल्याला भुगा दाखवून, "देखो हबीबी, मैं करोडपती होते होते रह गया."

*

दसऱ्याला लॅबमध्ये पूजा असते. काटा, भट्टी, चिमटे, मुशी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. मशीनलाही. मीना बाजारातून आपट्याची पानं येतात, मुंबईहून विमानाने आलेली, जरा कोमेजलेली. पहिल्या वर्षी आबांनी गॅरेथच्या हातावर पान ठेवलं आणि म्हणाले, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

मी अर्थ सांगितला. गॅरेथने पान अदबीने घेतलं, आत गेला, आणि थोड्या वेळाने लेटरहेडवर रिपोर्ट घेऊन आला. सोनं : शून्य. पोटॅशियम, कॅल्शियम : चांगलं. शेरा : ग्राहकाने निराश होऊ नये.

तो रिपोर्ट आबांनी फ्रेम करून गल्ल्यावर लावला आहे. कुणी मोठी ऑर्डर घेऊन आलं, की आधी तो वाचायला लावतात. म्हणतात, "बघा, आमच्याकडं खोटा रिपोर्ट मिळत न्हाई. अगदी मालकाच्या सोन्याचाबी!"

*

आता यंदाचा दसरा.

गॅरेथ महिनाअखेरीस रिटायर होऊन कायमचा गावी निघाला होता. आई एकटीच, नव्वदीच्या पुढची, कान तिखट आणि जीभ त्याहून. तिने फोनवर सांगितलं होतं, "येताना बाबांचा दगड घेऊन ये." एवढंच. तेव्हापासून हा माणूस डबा अर्धाच संपवायचा. मला म्हणाला, "वैशाली, तिला शेवटी कळायला हवं असेल. तिने विचारलं तर मी काय सांगू?"

माझ्या सासूबाई तेव्हा इथेच होत्या. पूजेची सगळी सूत्रं त्यांच्या हातात. त्यांचं आणि गॅरेथचं चांगलं जमायचं. त्या मराठीत बोलायच्या, तो इंग्लिशमध्ये, आणि दोघांना सगळं कळायचं. सकाळी त्यांनी तांब्याचे कलश, पितळी समया, ताम्हण, सगळं चिंच-मिठाच्या पाण्यात बुडवलं. आणि जाता जाता गॅरेथच्या टेबलावरचा दगडही त्यात टाकला! "एवढ्या वर्षांचा कळकट झालाय बिचारा. पूजेत ठेवायचा तर नको का घासायला?"

दुपारी त्यांनी दगड बाहेर काढला, ब्रशने खसाखसा घासला आणि ओरडल्या, "अगो बाई, वैशाली! सोनं!"

काळपट थर निघाला होता आणि दगडाच्या अंगावरून पिवळी, झळझळीत रेघ गेली होती. पोरं धावली, अकाउंट्सवाले धावले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी कौतुकाने दगड गॅरेथपुढे धरला, "घ्या भाऊ! तुमच्या आजोबांचं सोनं!"

गॅरेथचा चेहरा पांढराफटक. त्याने भिंतीकडे तोंड केलं. एका नजरेत ओळखलं असतं त्याने, पण तो बघेचना.

मला सासूबाईंचा असा राग आला म्हणून सांगू! पण त्यांना कुठे काय माहीत होतं. मी त्यांना बाजूला घेऊन कानात सांगितलं, की सोनं निघणं म्हणजे याचा आजोबा चोर ठरणं. त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला. "अरे देवा. मग पुन्हा काळा करता येतो का गं?"

आबा पुढे आले. दगड उचलून पदराआड लपवावा तसा उपरण्यात घेतला. "आज दसरा हाय. मशीनला सुट्टी. दगडाला हळद लावा, हार घाला, आणि यल्ला, जेवायला चला. कुणी काय बघितलं न्हाई. खलास."

"नाही, आबा," गॅरेथ म्हणाला. पाठमोराच. "आता अख्ख्या लॅबने बघितलं. माझ्या गावासारखंच झालं हे. वैशाली, ठेव मशीनखाली."

मशीनच्या डोक्यावर झेंडू होता. मी दगड ठेवला. बटण दाबलं. ते अर्धं मिनिट संपता संपेना. सासूबाई तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत होत्या.

तांबं. लोखंड. तांबं.

मी रेघेवर जागा बदलून पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं. सोन्यापुढे शून्य! तांब्याचं खनिज होतं ते. चिंचेनं कलश उजळले तसंच तेही उजळलं होतं.

"नाही!" मी किंचाळले. "गॅरेथ, नाही! सोनं नाही!"

सोनं नाही म्हणून अख्ख्या देऱ्यात कधी कुणी इतकं नाचलं नसेल. आबांनी गॅरेथला मिठी मारली, पेढ्यांचे बॉक्स फुटले. गॅरेथ रडत होता आणि हसत होता. पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ही वॉज ऑनेस्ट. ही वॉज ऑनेस्ट."

"आईला सांगा आधी," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता! त्या माउलीनं जन्मभर ऐकून घेतलंय."

त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज आला. तो वेल्शमध्ये बोलायला लागला. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, पण सगळे माना डोलवत होतो. बोलून झाल्यावर तो थांबला.

मग म्हातारी हसायला लागली. चांगली पोटभर हसली, दोन वाक्यं बोलली आणि फोन ठेवून दिला.

गॅरेथ फोनकडे बघत उभा राहिला.

"काय म्हणाल्या?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं. मी इंग्लिशमध्ये तेच विचारलं.

"ती म्हणते," गॅरेथ सावकाश म्हणाला, "वेडा आहेस का तू? त्यात सोनं कसं असेल? तो तर बाबांनी फाटकावर मुद्दाम सापडायला ठेवलेला दगड! सोन्याचे दगड वेगळेच होते, त्यांतून तर आपलं घर झालं!"