साऱ्या गल्लीची आत्या

नुकताच लातूर जिल्हा झाला होता आणि विहिरी आटल्या होत्या, त्या साली मी जन्मलो. कुटुंबनियोजनासाठी गल्लीत घरोघर फिरणाऱ्या, रेणापूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आमच्या घरी येऊन आईला म्हणाल्या, "हा एकच बस झाला. ह्यालाच भरपूर शिकव." आईनं ऐकलं. घरातला पहिला पदवीधर मी त्यामुळेच झालो.

बाई आता निवृत्त आहेत. तरी कुणाच्याही घरी थेट स्वयंपाकघरात शिरतात, आधी पाणी मागतात आणि मग रागावतात.

माझ्या मुलीच्या बारशाला पाळणा सजला, बायका जमल्या आणि आई रडवेली झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, अन् मला तर बहीणच नाही. बायकोच्या मावशीनं टोमणा मारला, "बिनआत्याचं बारसं पहिल्यांदाच बघून राहिले बाई!"

"कोण म्हणतं आत्या न्हाई?" बाई पदर खोचत पुढं आल्या. "ह्या गल्लीतल्या आत्या मीच कमी केल्या. मग भरपाई कुणी करायची?"

वाकून त्यांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणं बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, पण वयाकडं बघून अगदी हळू.

"जेवला न्हाईत का गं? आत्याला मारायलात का माशा हाकलायलात?"

सगळ्या खदखदून हसल्या. माझ्या बायकोनं मात्र खरोखरच जोरात धपाटा घातला आणि म्हणाली, "वन्सं, मानाची साडी नेसल्याशिवाय जायचं न्हाई."

बाईंनी सवयीनं आधी पाणी मागितलं, रागवायचं मात्र पहिल्यांदाच विसरल्या.