कढत वरण

"जरासं थंडं होऊ द्या नं, शीलाताई. काहून एवढी घाई करता?"

"विमल, अकराला लाईन जाते. मग साहेबांनी काय डाळ चावायची?"

साहेब म्हणजे शीलाताईंचे यजमान मधुसूदनराव. महिन्याखाली सारे दात काढले, तवापासून वरण-भात मिक्सरमधून, अन् तोही वाफाळता. कोमट लागला की ताट सरकवत. महागावाकडची विमलताई यवतमाळात त्यांच्या घरी स्वयंपाकाला राहिली, ती सलग दोन वर्षं कापूस लाल्या रोगानं गेला म्हणून. औंदा मात्र वावर पांढरं झालं होतं. तिचा नवरा पुंडलिकराव सोमवारी वेचणीला ये म्हणून सांगून गेलता.

मागच्या गुरुवारी तिनं मिक्सरचं भांडं कढत वरणानं गळ्यापर्यंत भरलं अन् झाकणावर सारा भार टाकला. बैलबंडीत कापूस भरताना वर चढून तुडवायची सवय. कापूस दबतो, वाफ कुठं दबते? झाकण उडालं, उजवा पंजा पोळला. वाळल्या बोंडाचं टोक सुईवानी. पोळल्या हातानं वेचणी होत नाही. आता फोड बसत आलता. सोमवारपर्यंत चामडी धरली तर वावर, नाही तर हाच ओटा.

"झाकण जोरात दाब, म्हणजे उडणार नाही."

"दाबलं म्हणूनच उडलं, बाई! वाफेले वाट पाह्यजे."

"मोठी शहाणी झालीस."

"पोळल्यावर समदेच होतात."

तिनं वरण परातीत पसरलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. "वाटून झालं का पुन्हा गॅसवर चढवू, साहेबाले गरमच भेटन." मग अर्धंच भांडं भरलं, झाकणातली लहान टोपी काढली, वर चौपदरी फडकं धरलं. बटण जरा फिरवलं, बंद केलं. पुन्हा जरा. थेंब उडाला नाही.

दुसरं भांडं भरलं, अन् वरचा पंखा थांबला. लाईन दहा मिनिटं आधीच गेली.

"मेली ही लाईन! विमल, घोटणीनं घोट. बारीक हं, त्यांना कण टोचतो."

"माहा हात..."

"मग मी घोटू? माझा खांदा तुला माहीत आहे."

लाकडी दांडा तळहातात फिरू लागला. आतून साहेबांनी वाटीवर चमचा वाजवला. वरण बारीक झालं तवा दांडा ओला होता, फोड फुटलता.

ताट देऊन शीलाताई परत आल्या. "सोमवारी जाणार आहेस का गं?"

विमलनं पंजा उघडून पाहिला. "नाई. त्याहिले फोन करते, बाया लावा म्हणून."

"बरं झालं," शीलाताईंच्या तोंडून निघून गेलं.

विमलनं जुन्या धोतराची पट्टी फाडून हाताला बांधली, पोळ्यांच्या कणकेचा डबा ओढला अन् डाव्या हातानं तिंबायला बसली.